वारस, नॉमिनी आणि ड्रॅगन

बँकेच्या काउंटरवर बसून मी आजवर शेकडो मेलेली माणसे पाहिली आहेत. दचकू नका, म्हणजे त्यांचे मृत्यूचे दाखले पाहिले आहेत. माणूस गेला, तेराव्याचे जेवण झाले, की चौदाव्या दिवशी त्याचे आप्त पासबुक घेऊन माझ्या काचेसमोर उभे राहतात. मी विचारतो, "नॉमिनी कोण आहे?" थोरला धाकट्याकडे बघतो, धाकटा वहिनीकडे बघतो आणि वहिनी वरच्या पंख्याकडे बघते. मग मी संगणकात डोके घालून नाव वाचून दाखवतो. ते नाव ऐकल्यावर जी शांतता पसरते, तशी मी स्मशानातसुद्धा अनुभवलेली नाही. एकदा तर घरातल्या कुणालाच माहीत नसलेल्या एका बाईंचे नाव निघाले होते. त्या दिवशी आमचा रखवालदार बंदूक घेऊन दोन पावले पुढे येऊन उभा राहिला.

तेव्हा आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, एक जबरदस्त सिरीयल आहे. राजाच्या वारसावरून घराण्यात भांडण लागतं आणि ते एकमेकांवर ड्रॅगन सोडतात," त्या वेळी मला त्यात नवे काही वाटले नाही. मी म्हणालो, "सोमवार ते शनिवार तेच बघतो रे मी. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून."

पण पाहावी लागली. त्याचे असे झाले. २०२४च्या जुलैत पंचगंगा चढली. आमच्या कसबा बावड्यात पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, आणि सगळ्या कोल्हापूरचा पूर तिथल्या पट्टीवर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पावसाळ्यात बावड्यातली माणसे एकमेकांची खुशाली विचारत नाहीत; भेटल्यावर नुसते "किती झालं?" म्हणतात, आणि समोरचा फूट आणि इंचांत उत्तर देतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, प्रयाग चिखलीला दिलेली. पाणी वाढायला लागले की चिखलीची माणसे जनावरे सोडून आधी बाहेर पडतात. २०१९चा आणि २०२१चा पूर पाहिल्यापासून तर कुणी सांगायची वाटच पाहत नाहीत. दाजी म्हशींबरोबर गेले आणि आक्का दोन पिशव्या घेऊन आमच्या घरी आली. आमच्या घरी म्हणजे तिच्या माहेरी. या दोन शब्दांत काही फरक असतो, हे त्या आठवड्यापर्यंत माझ्या फारसे ध्यानात आलेले नव्हते.

आक्काला वरच्या खोलीत जागा दिली. रस्त्यावर पाणी आल्यामुळे मलाही दोन दिवस बँक अंतरली. घरात पाच माणसे, बाहेर पाऊस, भाजी नाही, दूध नाही. अशा वेळी माणूस काय वाटेल ते पाहायला तयार होतो.

'हाउस ऑफ द ड्रॅगन' ही मालिका २०२२ साली आली. त्याआधी २०११ ते २०१९ या काळात 'गेम ऑफ थ्रोन्स' नावाच्या मालिकेने निम्म्या जगाची झोप उडवली होती. तिची ही पूर्वकथा. जॉर्ज मार्टिन नावाच्या दाढीवाल्या गृहस्थांच्या 'फायर अँड ब्लड' या २०१८च्या पुस्तकावरून केलेली. आधीच्या मालिकेतली जी राजकन्या, तिच्या जन्मापूर्वी १७२ वर्षे ही गोष्ट सुरू होते. म्हणजे पतवंडाचे काय झाले हे आधी पाहून घ्यायचे आणि पूर्वजांचे भांडण मागाहून. चिरंजीवांना ही मोठी विलायती युक्ती वाटत होती. मी त्यांना सांगितले, जनमेजयाने सर्पसत्रात बसून आपल्या पणजोबांची भांडणे ऐकली, ते काय होते? शेवट माहीत असलेली गोष्ट तन्मयतेने ऐकायची हे आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्या कुठल्याही आजीबाईंना जमते. सीतेला रावण पळवणार हे ठाऊक असूनही त्या दर वर्षी पदर डोळ्याला लावतात.

खरी अडचण नावांची. रेनीरा, रेनिस, रेना, लेना, लेनॉर, एमा, एमॉन्ड, आणि एगॉन तर दोन! पहिल्या भागाच्या मध्यावर मी लेजर उघडावे तशी वही घेऊन बसलो आणि प्रत्येकाला खातेक्रमांक द्यायला लागलो. अर्थात कोल्हापूरकराने या बाबतीत विलायतेला हसू नये. आमच्या गादीवर शिवाजी, संभाजी, शिवाजी अशी नावे फिरत राहिली, आणि ज्या महाराजांना कोल्हापुरात चौथे शिवाजी म्हणतात त्यांनाच काही पुस्तके सहावे म्हणतात. शाळेत या एका गोष्टीवर माझे दोन मार्क गेले होते.

आक्काने हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. इंग्रजी तिला येत नाही, आणि येत नाही याचे तिला काही वाटतही नाही. चिरंजीव धावते समालोचन करत होते. तिने रेनीराला 'रेणू' केले, तिच्या मैत्रिणीला, म्हणजे अ‍ॅलिसेंटला, 'अलका' केले, राजाचा उनाड भाऊ डेमन हा 'दामू' झाला, आणि अ‍ॅलिसेंटचा बाप ऑटो हायटॉवर हा नुसता 'टॉवरवाला'. पोरांच्या मारामारीत एमॉन्डचा डोळा गेल्यावर तो 'काणा'. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ही पोहे परतता परतता विचारत होती, "अहो, त्या काण्याचं पुढं काय होतं?" माझ्यातल्या समीक्षकाची खरी सुरुवात इथून झाली.

गोष्ट अशी. राजा व्हिसेरिस हा सज्जन माणूस. मुलगा व्हावा म्हणून त्याने पहिल्या राणीचे जे हाल होऊ दिले ते पहिल्याच भागात दाखवले आहेत, आणि तो प्रसंग मी इथे सांगणार नाही. आई उठून देवघरात गेली, एवढेच सांगतो. राणीही गेली, मुलगाही गेला. मग पश्चात्तापाने म्हणा, प्रेमाने म्हणा, त्याने मुलीला वारस नेमले. सगळ्या सरदारांना बोलावून, गुडघे टेकायला लावून, शपथा घ्यायला लावून. इथवर मी खूश होतो. इतके पक्के नॉमिनेशन आमच्या शाखेत कुणी केलेले नाही. आमच्याकडे लोक फॉर्मवर 'नॉमिनी'च्या रकान्यात 'नाही' असे लिहितात आणि खाली सही करतात.

मग या सज्जन माणसाने दुसरे लग्न केले. कुणाशी? मुलीच्या जिवलग मैत्रिणीशी! तिला मुलगा झाला, आणखी मुले झाली. राजाने नॉमिनेशन बदलले नाही. पण ते निभावून न्यायला जे करावे लागते तेही काही केले नाही. मुलगी दूर बेटावर, आणि राजधानीत सल्लागार, पहारेकरी, किल्ल्या सगळ्या दुसऱ्या बाजूकडे. म्हणजे लॉकर मुलीच्या नावावर आणि किल्ली सासऱ्याच्या खिशात. घरात कुणी विषय काढला की राजा म्हणणार, मी सांगून ठेवलंय ना एकदा! वास्तविक नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मी काउंटरवर दिवसातून तीनदा सांगतो. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे ते खऱ्या वारसांचे विश्वस्त म्हणून. हे वाक्य ऐकून आजवर एकही गिऱ्हाईक समाधानाने घरी गेलेले नाही.

या मालिकेचे मोठेपण मला इथे वाटते. ड्रॅगन आहेत, भरपूर आहेत, त्यांतली एक म्हातारी मादी तर भगव्या चौकात बसली तर शेपूट लाइन बाजारात येईल एवढी आहे. पण एकही अनर्थ ड्रॅगनमुळे सुरू होत नाही. बापाला वाईटपणा घ्यायचा नाही, यामुळे होतो. राजा व्हिसेरिसला रात्रीचे जेवण शांततेत व्हायला हवे असते, आणि त्या जेवणापायी पुढे राज्य जळते. असा सज्जन खलनायक मी पडद्यावर यापूर्वी पाहिला नव्हता. घरात पाहिला होता. ते पुढे येईल.

चिरंजीवांना वाटले होते की हा विषय आक्काला कळायला जड जाईल. तिसऱ्या दिवशी तिने मधेच विचारले, "आपल्या ताराराणीचं काय न्यारं हुतं व्हय?"

आता हा प्रश्न बावड्यात बसून विचारला तर टाळता येत नाही. शहरातून आमच्याकडे येताना वाटेत नवा राजवाडा लागतो आणि पुढे जिल्हा न्यायालय. वारसाचा प्रश्न या दोन इमारतींच्या बाहेर कुठे सुटतो? शाहू महाराजांचा जन्म आमच्याच बावड्याचा, १८७४ सालचा, लक्ष्मी विलास पॅलेसमधला. जन्माने ते कागलच्या घाटग्यांचे. १८८४ साली दत्तक जाऊन छत्रपती झाले. म्हणजे कोल्हापूरचा सर्वांत मोठा राजा पाळण्यातून नव्हे, कागदातून आला. एका कारकुनाला याचा किती अभिमान वाटत असेल याची कल्पना तुम्हांला येणार नाही.

पण आक्काचा प्रश्न ताराराणीचा होता. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाईंचे वय पंचवीस. हंबीरराव मोहित्यांची लेक. मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवून त्या सात वर्षे औरंगजेबाशी लढल्या. १७०७मध्ये बादशहा गेला आणि मोगलांनी शाहूराजांना, संभाजीमहाराजांच्या मुलाला, सोडून दिले. आता गादी कुणाची? ताराबाई म्हणाल्या, हा तोतया आहे. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले आणि साताऱ्याची गादी शाहूंची झाली. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूर धरले. मग १७१४ साली त्यांच्याच घरात सवतीने, राजसबाईने, आपल्या मुलाला, संभाजीला, पुढे केले आणि ताराबाईंना मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकले. एवढे सांगून मी थांबलो. आक्का म्हणाली, "म्हंजे हितं पण अलका हायच की!"

आणि गोष्ट इथे संपत नाही. १७४९ साली शाहूराजे निपुत्रिक गेले. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या ताराबाईंनी सांगितले की माझा एक नातू आहे, मी त्याला लपवून वाढवला आहे. हा रामराजा. खरा कशावरून? तर ताराबाईंनी लष्करासमोर अन्नाची शपथ घेऊन त्याच्याबरोबर जेवण केले. आमच्या केवायसीपेक्षा मला ही पद्धत बरी वाटते; निदान दोन्ही पक्षांच्या पोटात काहीतरी पडते. त्याच नातवाला वर्षाच्या आत, १७५०च्या नोव्हेंबरात, त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले, कारण तो त्यांचे ऐकेना. आणि १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर पेशव्याबरोबर शपथ झाली, तेव्हा हा माझा नातू नव्हेच म्हणून सांगितले. १७६१ साली, पानिपत पाहून, त्या वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी गेल्या.

कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. मी रोज त्याच्यावरून बँकेत जातो आणि रोज मनातल्या मनात हात जोडतो. पण तो पुतळा पंचवीस-तीस वर्षांच्या ताराराणींचा आहे. नातवाला किल्ल्यात कोंडून तटावर उभ्या राहिलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईंचा पुतळा आपण कुठे उभारलेला नाही, आणि माझ्या मते तीच आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी नाट्यवस्तू आहे. आपल्या ऐतिहासिक मालिकांचे दुखणे हे आहे. २०२१ साली 'स्वराज्य सौदामिनी ताराराणी' सुरू झाली तेव्हा आम्ही कौतुकाने पाहायला बसलो होतो. स्वरदा ठिगळे घोड्यावर शोभतही होती. पण आपल्याकडे एकदा एक बाई चांगली ठरली की दुसरीने भुवई वर करून तीनदा वळून पाहायचे, आणि प्रत्येक वेळी मागे ढोल वाजायचा, हा नियम आहे. राजसबाईलाही स्वतःचा मुलगा होता, रात्री तिलाही झोप लागत नसेल, हे आपण लिहीत नाही. भावना दुखावतील. कुणाच्या, ते कळत नाही. राजसबाईच्या तर नक्कीच नाहीत.

या परक्या मालिकेत रेणूही खरी आहे आणि अलकाही खरी आहे. अलकाला वाटते, रेणू गादीवर आली तर माझी पोरे जिवंत ठेवणार नाही. रेणूला वाटते, बापाने दिलेले मी का सोडू? दोघींची बाजू पटते आणि म्हणून पाहणाऱ्याची पंचाईत होते. पुढे त्यांचे दोन पक्ष होतात, हिरवा आणि काळा. ही म्हणाली, "अगदी आपल्या कारखान्याच्या निवडणुकीसारखं." पॅनेल दोन, सभासद तेच, आणि जेवणावळी दोन्हीकडे.

दोष नाहीत असे नाही. पहिल्या दहा भागांत काळ इतक्या उड्या मारतो की मी पाणी प्यायला आत गेलो आणि बाहेर आलो तो रेणू आणि अलका दोघी बदललेल्या. मिली अ‍ॅल्कॉकच्या जागी एमा डार्सी, एमिली केरीच्या जागी ऑलिव्हिया कुक. आई अजूनही मानायला तयार नाही की या त्याच आहेत. दुसरा दोष अंधाराचा. एक संबंध भाग त्यांनी असा काढला आहे की वीज मंडळाचा माणूस खांबावर चढल्याखेरीज काही दिसू नये. आमच्याकडे पुरात दोनदा वीज गेली; एकदा तर ती गेल्याचे पाच मिनिटे कुणाच्या लक्षातच आले नाही.

आता आठवा भाग. तो मी विसरणार नाही.

राजा व्हिसेरिस सडत चालला आहे. निम्म्या चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा. दुसऱ्याच एका बेटाच्या गादीचा तंटा दरबारात चालू आहे, आणि मुलीची बाजू घ्यायला हा मरणाला टेकलेला बाप काठी टेकत, पाऊल पाऊल करत सिंहासनाकडे निघतो. पॅडी कॉन्सिडाइन नावाच्या नटाने हे जे चालणे केले आहे, त्याला मी उभा राहून नमस्कार केला असता. गुडघ्यामुळे बसूनच केला. पायरीवर मुकुट पडतो. दामू, आयुष्यभर त्याच मुकुटावर डोळा असलेला भाऊ, तो उचलतो आणि थोरल्याच्या डोक्यावर ठेवतो. आईने तांदूळ निवडायचे थांबवले. कुणी काही बोलले नाही. बाहेर पाऊस पडत होता.

आणि लोकांच्या गादीचा निकाल देऊन आलेला हा राजा त्याच रात्री स्वतःच्या गादीचा घोटाळा करून मरतो! ग्लानीत तो पुटपुटत असतो. जवळ मुलगी आहे असे समजून एका जुन्या पूर्वजाचे, एगॉनचे, स्वप्न सांगत असतो. जवळ असते अलका. तिच्या मुलाचेही नाव एगॉन. तिला वाटते, राजाने शेवटच्या श्वासाला आपल्या मुलाला वारस नेमले. ती खोटे बोलत नाही. तिला जे ऐकायचे होते ते ऐकू आले.

"काय बडबडालाय त्यो?" आक्काने विचारले. चिरंजीवांनी सांगितले. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा काय म्हणालं हुतं रं शेवटी?"

आता सांगतो. आमचे आबा २०११ साली गेले. माणूस देवासारखा, कुणाला दुखवायचे नाही हा एकच धंदा. वरच्या दोन खोल्या त्यांनी बांधल्या तेव्हा एका गणपतीत, आरती झाल्यावर, सगळ्यांसमक्ष म्हणाले होते, "वरच्या खोल्या आक्काच्या. लेकीला हक्काचं छप्पर पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या, मोदक खाल्ले. लिहून काही ठेवले नाही. मी त्या वेळी बँकेत लागलो होतो. लोकांना "लेखी द्या" म्हणायचा मला पगार मिळत होता. घरात एकदाही म्हणालो नाही.

हॉस्पिटलात शेवटच्या रात्री आबा सारखे "वर... वर..." म्हणत होते. आईला वाटले पंखा वाढवायला सांगतात. आमच्या कीर्तनकार काकांना वाटले, त्यांना वरचे बोलावणे दिसते आहे. त्यांनी तिथेच विठ्ठलाचे नाम सुरू केले. मी बी. कॉम.; मला तिसरा अर्थ सुचला होता. मी पंखा वाढवला.

वर्षभराने घर नावावर करायचे निघाले. २००५ सालापासून वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे मला माहीत होते. आक्कालाही माहीत होते. पण आपल्याकडे बहिणीने भावासाठी हक्कसोडपत्र करायचे ही रीत. भीष्माने दुसरे काय केले? बापाच्या दुसऱ्या लग्नासाठी सासऱ्याने वारसाची अट घातली, आणि थोरल्या मुलाने हक्कसोडपत्र लिहून दिले. त्याला आपण प्रतिज्ञा म्हणतो. आक्काच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मीच केला. व्याकरणाची एकही चूक नव्हती. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिने अंगठ्याचा ठसा दिला, फोटो काढून घेतला, सही केली. घरी येऊन ओटी भरली, इरकली साडी दिली. पुरणपोळी होती. ती म्हणाली, "बाळू, आता तरी वरच्या खोलीला रंग दे." आणि संध्याकाळच्या बसने चिखलीला गेली.

"काय म्हणालं हुतं?" आक्काने पुन्हा विचारले.

"पंखा वाढवा म्हणत होते," आई म्हणाली.

त्या रात्री पाणी ४३ फुटांच्या वर होते. मी तीनदा उठून मोबाइलवर आकडा पाहिला, आणि तीनही वेळा वर दिवा चालू होता.

दुसऱ्या दिवशी नववा भाग. राजाचे प्रेत अजून खोलीत आहे आणि सल्लागार मंडळ जमते. सगळ्यांचे आधीच ठरलेले. एकच म्हातारा खुर्चीतून उठून म्हणतो, हे चालायचे नाही. राजाने मुलीला वारस नेमले आहे, मी त्याला ओळखतो. हा कोण? खजिनदार! बीसबरी नावाचा, बिल पॅटर्सन या नटाने केलेला, पांढऱ्या दाढीचा हिशेबनीस. एक शिलेदार त्याला धरून खाली दाबतो, डोके टेबलावरच्या दगडी गोळ्यावर आपटते आणि म्हातारा तिथेच संपतो. प्रेत तसेच टेबलावर, आणि सभा पुढे चालू. मी जागच्या जागी सुन्न झालो. सबंध मालिकेत कागदाप्रमाणे बोलणारा एकच माणूस, आणि तो आमच्या खात्यातला!

आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. हिशोबातला माणूस बोलला की मरतोय." आणि थोड्या वेळाने, अगदी मायेने, "तू गप बसलास ते बरं केलंस, बाबा."

ही स्वयंपाकघरात गेली. चिरंजीवांनी आवाज वाढवला. समीक्षेच्या दृष्टीने सांगायचे तर दहावा भाग चांगला आहे. वादळात दोन पोरे आपापल्या ड्रॅगनवर बसून एकमेकांना भेवडावतात. काण्याच्या मनात मारायचे नसते, पण त्याची म्हातारी मादी ऐकत नाही. आवरायचे म्हटले तोवर लहानग्याचे तुकडे झालेले असतात. मी तो भाग नीट पाहिला नाही.

पाणी उतरले, आक्का गेली. वरची खोली झाडून, अंथरूण घडी करून, खिडकीची तुटकी कडी दोरीने बांधून गेली. जाताना मी म्हणालो, "राहा की चार दिवस." ती म्हणाली, "नगो. घरात चिखल झाला आसंल. मी येतो की पुन्हा." आमच्याकडच्या बायका 'मी येतो' म्हणतात, पुण्याचे लोक याला हसतात.

दुसरे पर्व आठ भागांचे. ते आम्ही तिच्याशिवाय पाहिले आणि मला ते पातळ वाटले. दामू एका पडक्या वाड्यात जाऊन बसतो आणि भागामागून भाग स्वप्ने पाहतो. युद्ध होणार, होणार म्हणतात, आणि शेवटी सगळे युद्धाच्या तयारीला लागले असताना पर्व संपते. आक्काचा फोन आला, "रेणूचं काय झालं?" मी म्हणालो, "लढाईची तयारी चाललीय." ती म्हणाली, "आजून?"

२०२५च्या नोव्हेंबरपासून बँकेच्या एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. एकदम चार, वाटे ठरवून, किंवा एकामागून एक. हे परिपत्रक शाखेत आले तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा टाकला, कारण काउंटरवरची भांडणे आता चौपट होणार. मी त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत बँकेच्याच कागदावर एक मसुदा लिहिला. वरच्या दोन खोल्यांचे बक्षीसपत्र. चतुःसीमा घातल्या, जिन्याच्या वापराचा हक्क घातला, पाण्याच्या टाकीचे कलम घातले. व्याकरणाची एकही चूक नाही.

तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही राहिली आहे. हिला अजून सांगितलेले नाही. चिरंजीवांचे लग्न ठरेल तेव्हा वरच्या खोल्या त्यांना, असे तिच्या मनात आहे. घरात विषय काढायचा म्हणजे निदान एक जेवण तरी बिघडणार. हा लेख छापून आला की तिला कळेलच.